पडद्याला छेद, पण कोणाच्या?

दोन-अडीच वर्षांच्या मुलाचा कान वर्षभरात चारदा ठणकला, अँटिबायोटिकचा कोर्स संपतो न संपतो तोच पुन्हा ताप चढला, की कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या तोंडी कधी ना कधी ग्रोमेटचे नाव येते. पडद्याला बारीक छेद द्यायचा, मागे साठलेला द्रव ओढून घ्यायचा आणि जेमतेम 1 मिलीमीटर भोकाची नळी त्यात अडकवायची. एवढेसेच काम. पण त्यामागचा इतिहास सव्वादोनशे वर्षांचा आहे, आणि त्यात एक गोष्ट वारंवार समोर येते. छेद देणे शल्यविशारदांना कधीच फार जड गेले नाही. तो कोणाला द्यायचा नाही, हे ठरवताना मात्र ते पुन्हा पुन्हा घसरले.

सुरुवात लंडनच्या अ‍ॅस्टली कूपरपासून होते. त्याच्याकडे एक तरुण वैद्यकीय विद्यार्थी आला होता. एका कानाचा पडदा पूर्ण गेलेला, दुसऱ्याचा अर्धवट. नाक-तोंड मिटून जोर केला की हवा त्याच्या कानांतून बाहेर पडे, तरी रोजचे बोलणे त्याला ऐकू येत असे. कूपरने यावरून तर्क केला: पडद्याला भोक असूनही माणूस ऐकत असेल, तर कान आणि घसा यांना जोडणारी युस्टेशियन नलिका बुजल्यामुळे बहिरा झालेल्याच्या पडद्याला मुद्दाम भोक पाडून हवेला वाट का देऊ नये? प्रयोग यशस्वी झाला. काहींना तिथल्या तिथे ऐकू येऊ लागले, आणि 1801 मध्ये रॉयल सोसायटीने कूपरला कोप्ले पदक दिले. पुढे व्हायचे तेच झाले. नलिका बुजलेली असेल तरच उपयोग, ही त्याची अट बाजूला पडली आणि युरोपभर सरसकट कोणत्याही बहिरेपणावर पडदे टोचले जाऊ लागले. ज्यांच्या कानाचा मज्जातंतूच निकामी होता त्यांना काय फायदा होणार? ज्यांना होई त्यांचेही भोक लवकरच बुजे. थोड्याच वर्षांत ही शस्त्रक्रिया बदनाम झाली. दोष हत्याराचा नव्हता, निवडीचा होता.

1868 मध्ये व्हिएन्नाच्या अ‍ॅडम पोलित्झरने भोक उघडे राहावे म्हणून पडद्यात रबराची कडी बसवून पाहिली, पण ती टिकेना. त्याच वर्षी कोपनहेगनच्या विल्हेल्म मायरने नाकामागच्या वाढलेल्या गाठींचे, म्हणजे अ‍ॅडेनॉइडचे, वर्णन केले आणि मुलांच्या कानदुखीचे मूळ बऱ्याचदा घशाच्या वर असते हे ध्यानात आले. लहान मुलाची युस्टेशियन नलिका मोठ्यांच्या साधारण निम्म्या लांबीची आणि जवळजवळ आडवी असते, त्यामुळे सर्दी सहज कानात उतरते. तरी त्या काळी खरी भीती वेगळीच होती: पू कानामागच्या हाडात शिरायचा, तिथून मेंदूपर्यंत जायचा, आणि मूल दगावायचे. 1930 च्या दशकात सल्फा औषधे आली, मागोमाग पेनिसिलिन आले आणि ही भीती ओसरली. मग लक्ष गेले ते पडद्यामागे महिनोन्‌महिने साचून राहणाऱ्या चिकट द्रवाकडे. 1954 मध्ये अमेरिकेतील बेव्हर्ली आर्मस्ट्राँग यांनी प्लास्टिकची नळी बसवून दाखवली आणि पोलित्झरची कल्पना पाऊण शतकाहून अधिक काळाने पुन्हा उभी राहिली. कानामागच्या हाडावरच्या मोठ्या शस्त्रक्रिया कमी होत असतानाच ही छोटी शस्त्रक्रिया झपाट्याने फोफावली, हा निव्वळ योगायोग नसावा.

पुढची लाट कूपरच्या काळासारखीच होती, फक्त कितीतरी मोठी. 2006 च्या सुमारास एकट्या अमेरिकेत वर्षाला साडेसहा लाखांहून अधिक मुलांना नळ्या बसवल्या जात. त्याआधीच, 1994 मध्ये, तिथल्या हजारो प्रस्तावित शस्त्रक्रियांची छाननी झाली होती आणि सुमारे चौथा हिस्सा अयोग्य ठरला होता. 2001 मध्ये पिट्सबर्गच्या संशोधकांनी दाखवले, की द्रव साचलेल्या मुलांना नळी लगेच बसवली काय किंवा काही महिने थांबून, वयाच्या तिसऱ्या वर्षी त्यांच्या बोलण्यात आणि समजेत फरक दिसत नाही. वारंवार कानाचा संसर्ग होणाऱ्या 250 लहानग्यांवरील 2021 चा अभ्यास तर थेट आपल्या प्रश्नाचा आहे: दोन वर्षांत नळीवाल्या आणि औषधावरच्या, दोन्ही गटांत संसर्गाचे प्रमाण सारखेच, वर्षाला दीडच्या आसपास राहिले.

यावर रास्त आक्षेप असा, की रात्रभर कान धरून रडणाऱ्या मुलाच्या आईला सरासरीचे आकडे काय कामाचे? शिवाय नळी असली की पू साचत नाही, ठणका कमी होतो आणि पोटातल्या औषधाऐवजी कानात थेंब टाकून भागते. हे सगळे खरे आहे. टाळू दुभंगलेल्या किंवा डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांचा विचारही वेगळाच करावा लागतो. पण हे मुद्दे निवडीच्या बाजूचे आहेत, सरसकटपणाच्या नव्हेत. ब्रिटनच्या 2008 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी साचलेल्या द्रवासाठी तीन महिने थांबून श्रवणचाचणी पुन्हा करायला सांगितले. अमेरिकेच्या 2013 च्या तत्त्वांनी, वारंवार संसर्ग झाला तरी तपासणीच्या वेळी पडद्यामागे द्रव नसेल तर नळी नको म्हटले.

दुसरा आक्षेप आपल्याकडचा आहे आणि मला तो अधिक वजनदार वाटतो. वर्षानुवर्षे कान वाहणे ज्या देशांत जास्त आढळते, त्यांत जागतिक आरोग्य संघटनेने भारताची गणना केली आहे. जिथे वाहणाऱ्या कानात लसणाचे कोमट तेल सोडले जाते आणि तज्ज्ञ तालुक्याच्या गावीही मिळेलच असे नाही, तिथे ‘थांबा आणि पाहा’ म्हणजे मुलाला वाऱ्यावर सोडणे होऊ शकते. म्हणून थांबायचे तर पुढच्या तपासणीची तारीख आणि श्रवणचाचणीची चिठ्ठी हातात घेऊनच दवाखान्यातून निघावे, आणि तेलाची वाटी मुलाच्या कानापासून लांब ठेवावी.

शस्त्रक्रिया ठरलीच, तर घाबरण्याचे कारण नाही. ग्लासगोच्या जेम्स निकोल यांनी 1909 मध्येच दहा वर्षांतल्या 8,988 शस्त्रक्रियांचा हिशेब मांडून सांगितले होते, की लहान मुलाला त्याच दिवशी घरी आईकडे पाठवलेले चांगले. भुलेआधी घन आहार आणि वरचे दूध सहा तास, अंगावरचे दूध चार तास बंद ठेवतात. साधे पाणी बहुतेक ठिकाणी दोन तास आधीपर्यंत चालते. आपल्या रुग्णालयाचा नियम आदल्या दिवशीच विचारून ठेवा. नळी बहुधा सहा महिने ते वर्षभरात आपोआप गळून पडते.