एकाच घरात राहून चार राज्ये : सीमाप्रश्न मुलांना सांगताना

इयत्ता नववी-दहावीच्या मुलांपुढे सीमाप्रश्न मांडण्याचा प्रसंग आमच्यावर अनेकदा येतो. प्रारंभीच्या काळात आम्ही आंदोलनांपासून सुरुवात करीत असू. मुले शांतपणे ऐकत, टाळ्या वाजवीत आणि घरी जात. त्यांच्या मनात प्रश्न उरत नसे, आणि तेच आम्हाला खटकू लागले. म्हणून आता आम्ही घरातील सर्वांत जुन्या कागदापासून आरंभ करतो. खानापूर तालुक्यातील एखाद्या आजोबांचे उदाहरण घ्यावे. जन्म मुंबई इलाख्यातला, तरुणपण मुंबई राज्यातले, 1 नोव्हेंबर 1956 पासून म्हैसूर राज्य आणि 1973 पासून कर्नाटक. उंबरठा तोच, विहीर तीच. राज्य मात्र बदलत गेले. हे फळ्यावर लिहिले की कोणीतरी विचारतेच, ‘‘हे ठरवले कोणी?’’ तेथून इतिहास सुरू होतो.

ठरवणाऱ्यांत पहिले नाव राज्य पुनर्रचना आयोगाचे. डिसेंबर 1953 मध्ये न्यायमूर्ती फाजल अली यांच्या अध्यक्षतेखाली तो नेमला गेला. हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर हे अन्य सदस्य. 1955 च्या सप्टेंबरअखेर त्याने अहवाल दिला. आयोगाने बहुतांशी जिल्हा हाच घटक मानला. बेळगाव जिल्ह्यातून चंदगड तालुका तेवढा वगळून उर्वरित जिल्हा कन्नड राज्याकडे द्यावा, अशी शिफारस झाली. येथे आम्ही मुलांना थोडे गणित घालतो. एका टोपलीत साठ आंबे आणि चाळीस पेरू असतील तर टोपलीला आंब्यांची टोपली म्हणता येईल. पण त्यामुळे पेरूंचे आंबे होत नाहीत. जिल्हा मोजला तर एक उत्तर येते, गाव मोजले तर दुसरे. साऱ्या वादाचे मूळ या मोजमापात आहे, आणि ते मुलांना मोठ्यांपेक्षा लवकर उमगते.

याची जाणीव आपल्याकडे जुनी आहे. 1946 च्या मे महिन्यात बेळगाव येथेच ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तेथे झाला. ज्या नगरीत मागणीला बळ मिळाले तीच नगरी पुढे बाहेर राहिली. जानेवारी 1956 मधील गोळीबारात येथील माणसे गेली. 17 जानेवारी हा हुतात्मा दिन आपण त्यांच्याच स्मरणार्थ पाळतो.

सेनापती बापट यांच्या उपोषणानंतर 1966 च्या ऑक्टोबरमध्ये महाजन आयोग नेमण्यात आला. 1967 मधील त्याच्या अहवालाने महाराष्ट्राला 264 गावे देऊ केली. त्यांत निपाणी व खानापूरचा भाग होता. दक्षिण सोलापूर, अक्कलकोट या बाजूंची 247 गावे म्हैसूरला द्यावीत आणि बेळगाव शहर आहे तेथेच राहावे, असेही त्याने म्हटले. महाराष्ट्राने अहवाल नाकारला. कर्नाटक तोच अंतिम मानते. आपली मागणी चार सूत्रांवर उभी आहे : खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, सापेक्ष भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. यातील पहिली तीन नवखी नव्हेत. ह. वि. पाटसकर यांच्या निवाड्यानुसार आंध्र आणि मद्रास यांच्या सीमा याच धर्तीवर ठरल्या व 1959 मध्ये संसदेने त्याचा कायदा केला. आंध्रला लागू पडणारा न्याय कृष्णा-मलप्रभेच्या खोऱ्यात लागू का पडू नये, याचे समाधानकारक उत्तर आम्हाला आजवर मिळालेले नाही.

लोकेच्छेपाशी मात्र आम्ही मुद्दाम थांबतो, कारण तेथे आपल्या प्रामाणिकपणाची कसोटी लागते. महाजन आयोगाचे काम चालू असतानाच, 16 जानेवारी 1967 रोजी, गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित राहावे, असा सरळ प्रश्न. विलीनीकरणाच्या बाजूने 1,38,170 मते पडली, विरुद्ध 1,72,191. गोव्यातील आमच्या अनेक वाचकांना तो निकाल रुचला नसेल. परंतु गोवेकरांना निदान विचारले गेले. सीमाभागाला कोणी विचारले नाही. आणि लोकेच्छेचे तत्त्व मानायचे तर ते अक्कलकोटच्या एखाद्या कन्नड गावालाही लागू होते. हे आम्ही मुलांना सांगतो, तेव्हा आमच्यातील काही ज्येष्ठ कार्यकर्ते नाराज होतात. त्यांचा राग आम्ही समजू शकतो. तथापि मुलाने पुढे प्रतिपक्षाकडून हेच ऐकले तर त्याचा आपल्यावरील विश्वास उडेल, असे आमचे मत आहे.

मग आजची स्थिती. 2004 मध्ये महाराष्ट्राने घटनेच्या कलम 131 खाली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. सीमा बदलणे हा कलम 3 अन्वये संसदेचा अधिकार आहे, न्यायालयाचा नव्हे, असे कर्नाटकाचे म्हणणे. दोन्ही कलमे मुलांच्या नागरिकशास्त्राच्या कक्षेतली आहेत. घटना अशी आपल्या गल्लीत उतरलेली त्यांनी पूर्वी पाहिलेली नसते. डिसेंबर 2022 मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने 865 गावांविषयी ठराव केला, हेही आम्ही सांगतो. मात्र ठराव म्हणजे निकाल नव्हे, हे लगेच जोडतो. प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करण्याविषयीचे कलम 350 अ आम्ही मोठ्याने वाचून घेतो. दाव्याचा निकाल कधीही लागो, मराठी प्राथमिक शाळेतील शिक्षकाच्या रिकाम्या जागेसाठी या कलमाचा आधार आजही घेता येतो.

एकदा एका मुलीने विचारले, ‘‘सर, माझी मैत्रीण कानडी आहे. एक नोव्हेंबरला ती राज्योत्सवात नाचते, आमच्या घरी काळा दिन असतो. मी तिला काय सांगू?’’ वर्गात हशा झाला. मुलगी हसली नाही. आम्ही म्हटले, आजोबांचा शाळेचा दाखला तिला दाखव आणि तिच्या आजोबांचा बघायला माग. पुढच्या खेपेस ती दोन्ही दाखल्यांच्या झेरॉक्स घेऊन आली. दोन्हींवर राज्य एकच होते : मुंबई.