नापासांची उमेदवारी

दहावीचा निकाल लागला की चिमूरसारख्या तालुक्याच्या गावी दोन प्रकारची घरे दिसू लागतात. एका घरातून पेढे निघतात. दुसऱ्या घरात बाप ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणतो, "आता ह्याला कुठेतरी कामाला लावा." पहिल्या घराचे सत्कार सर्वत्र होतात. आज आम्ही ह्या दुसऱ्या घराविषयी बोलणार आहोत. चिमूर म्हटले की 16 ऑगस्ट 1942 आठवतो आणि तो आठवलाच पाहिजे. परंतु गावाचा इतिहास एका दिवसाचा नसतो. शाळेत मागे पडलेल्या मुलाच्या हाती धंदा कसा येत गेला, हाही इतिहासच आहे.

आरंभ शब्दापासून करू. 'उमेद' हा फारसी शब्द. त्याचा अर्थ आशा. जो आशेवर काम करतो तो उमेदवार. दप्तरात बिनपगारी खर्डेघाशी करीत जागा रिकामी होण्याची वाट पाहणारा तो मूळचा उमेदवार. पुढे निवडणुकीने हा शब्द पळविला, तरी कारखान्यातील 'शिकाऊ उमेदवार' हाच त्याचा खरा वारस होय.

आपल्याकडे पूर्वी धंदा शिकण्यास परीक्षा नव्हती, कारण निवडच नव्हती. वाढयाचा मुलगा वाढई, लोहाराचा लोहार. नांगर, वखर, डवरे, बंडीची चाके हे सारे त्या दोन घरांतून होई. भात्याशी बसून पोर सात-आठ वर्षांत तयार होई आणि नापास होण्याचा प्रसंग त्यास येत नसे. ह्या व्यवस्थेचे गोडवे गाणारे पुष्कळ आहेत. आम्ही त्यांत नाही. ज्याच्या हातात कसब होते पण जन्म दुसऱ्या घरी होता, त्याला ती दारे बंदच होती.

पुढे दोन गोष्टी जवळजवळ एकाच सुमारास आल्या. कंपनी सरकारने 1850 साली उमेदवारीचा कायदा केला. चांदा जिल्हा तेव्हा भोसल्यांच्या राज्यात होता. तो 1854 मध्ये इंग्रजांकडे गेला. दहा ते अठरा वर्षांच्या मुलास बाप किंवा पालक करार करून कारागिराच्या हवाली करू शकेल. मुदत सात वर्षांहून अधिक नसावी. मुलगा एकवीस वर्षांचा झाला की करार संपला. मुलीचा करार तिच्या लग्नापर्यंत. ह्या कायद्याचा उद्देश आरंभीच सांगितला होता : मुलांना, विशेषतः धर्मादायावर वाढलेल्या अनाथ व गरीब मुलांना पोटापुरता धंदा शिकता यावा. उद्देश चांगलाच. पण त्या दिवसापासून सरकारी कागदावर हातकाम हे अनाथांचे ठरले.

दुसरी गोष्ट परीक्षेची. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक 1859 मध्ये झाली. त्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे होते. ह्याच रानड्यांनी 1875 मध्ये पुण्यात वक्तृत्वोत्तेजक सभेतून वसंत व्याख्यानमालेची प्रथा घातली, म्हणजे आज आम्ही आपल्यापुढे उभे आहोत ते त्यांच्याच पुण्याईवर! आणि ह्याच रानड्यांनी 1890 मध्ये पुण्यास औद्योगिक परिषद भरवून देशास कारखान्यांची गरज सांगितली. परीक्षेत चमकलेल्या माणसाला परीक्षेबाहेरच्या विद्येची किंमत कळली होती. समाजाने मात्र त्यांच्याकडून मॅट्रिक तेवढी उचलली. मॅट्रिक पास तो कारकून, नापास तो कुठेतरी कामाला.

ह्याला सणसणीत उत्तर दिले ते एका माळावर. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म 1869 चा. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, तेथे कळले की काही रंग आपल्याला ओळखू येत नाहीत. रंगात नापास झालेल्या ह्या मुलाने यांत्रिक रेखाटन धरले, व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिक्षक झाला, बढती डावलली गेल्यावर राजीनामा देऊन बेळगावी सायकलच्या धंद्यात पडला. लोखंडी नांगर काढला तर शेतकरी म्हणत, लोखंडाने जमीन नासेल. पहिला नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. 1910 मध्ये औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. तेथे लक्ष्मणरावांनी माणसे कशी निवडली हे पाहण्यासारखे आहे. अनंतराव फळणीकर हे शाळा अर्धी सोडलेले गृहस्थ. ते तेथे कल्पक अभियंता म्हणून नावारूपास आले. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग ह्यांच्यावर दरोडेखोरीचा शिक्का होता. ते वाडीचे राखणदार झाले. गुणपत्रिका मागितली असती तर ह्यांपैकी एकही माणूस फाटकाच्या आत आला नसता.

आपल्या विदर्भाचाही एक मोठा प्रयत्न येथे सांगितला पाहिजे. ऑक्टोबर 1937 मध्ये शेजारच्याच वर्ध्यास शिक्षण परिषद भरली. शिक्षण हातकामातून द्यावे हा गांधीजींचा विचार तेथे मांडला गेला, झाकीर हुसेन समितीने त्याचा अभ्यासक्रम बांधला आणि सेवाग्रामला शाळा चालली. इतरत्र काय झाले? आठवड्यातून एखादा तास टकळी फिरली. गुणपत्रिका मात्र जागची हलली नाही.

स्वातंत्र्यानंतर 1950 मध्ये कारागीर प्रशिक्षणाची योजना आली आणि तीतून औद्योगिक प्रशिक्षण संस्था निघाल्या. 1961 मध्ये नवा शिकाऊ उमेदवारी कायदा झाला, 1850 चा रद्द झाला आणि कारखानदारावर उमेदवार घेण्याचे बंधन आले. बल्लारपूरचा कागद कारखाना, भद्रावतीची आयुध निर्माणी, कोळशाच्या खाणी, 1983 पासून चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र हे सारे उभे राहिल्याने जोडारी, कातारी, वीजतंत्री, संधाता हे शब्द आमच्या जंगलपट्टीतल्या घरांत बोलले जाऊ लागले. धंदा जन्माकडून सुटला, ही मोठीच गोष्ट झाली.

ह्या शिक्षणात काय असते ते आम्ही मुद्दाम उभे राहून पाहिले आहे. जोडाऱ्याचा मुलगा पहिले काही महिने केवळ कानस चालवितो. लोखंडाचा तुकडा शेगड्यात धरायचा, घासायचा, गुण्या लावून उजेडाकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचा. मग व्हर्नियर येतो, मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागापर्यंत मोजणारा. आम्ही पाहिलेला एक मुलगा दहावीच्या गणितात गेला होता. अपूर्णांकाला तो शाळेत घाबरे; येथे तोच अपूर्णांक बोटाने चाचपून सांगत होता. "सर, तिथं आकडा फळ्यावर होता, इथं हातात हाय," असे तो म्हणाला. ह्या वाक्यावर शिक्षणखात्याने एक समिती नेमावी.

तथापि जुना डाग गेला आहे काय? काही वर्षांपूर्वी आपल्या राज्यात दहावीच्या गुणपत्रिकेवरील 'नापास' हा शब्द काढून, मुलगा कौशल्य विकासाच्या अभ्यासक्रमास पात्र आहे असा शेरा आला. हेतू दयाळू होता. पण शेऱ्याचा अर्थ गावाने बरोबर ओळखला : जो कशालाच पात्र नाही तो कौशल्याला पात्र! 1850 चे अनाथालय पुन्हा दुसऱ्या दाराने आत आले.

आणि गंमत अशी की कौशल्याचे दारही गुणांवरच उघडते. औद्योगिक संस्थेतील प्रवेश दहावीच्या गुणानुक्रमे होतो. वीजतंत्री आणि जोडारी ह्या जागा अधिक गुणांची मुले घेऊन जातात. मागच्या मुलाला जे उरेल ते, मग त्याचा हात कशात चालतो हे कोण पाहतो? रेल्वेच्या कारखान्यात शिकाऊ उमेदवार घेताना दहावीचे गुण आणि संस्थेतील गुण ह्यांची सरासरी काढतात, आणि दहावीत पन्नास टक्के नसतील तर अर्जच घेत नाहीत. दोन वर्षे कानस चालवून ऐंशी टक्के मिळविलेला मुलगा पंधराव्या वर्षीच्या बेचाळीस टक्क्यांपाशी अडतो.

कायदा मात्र इतका कठोर नाही, हे पालकांना कोणी सांगत नाही. 2019 च्या नियमांनी पाचवी ते नववी शिकलेल्या मुलासही शिकाऊ उमेदवार मानून महिना किमान 5000 रुपये विद्यावेतन ठरविले. दहावी झालेल्यास 6000. संधात्यासारख्या काही धंद्यांना दहावी पास ही अटही नाही. दोन वर्षांचा धंदा पुरा करून मंडळाचे भाषाविषय दिले तर दहावीची समकक्षता मिळण्याची सोय राज्याने केली आहे. येथे जमलेल्यांपैकी ज्यांच्या ओसरीवर यंदा तो दुसऱ्या प्रकारचा निकाल येईल, त्यांनी मुलाला कुणाच्या दुकानी बसविण्यापूर्वी आधी त्याला सोबत घेऊन संस्थेच्या कार्यशाळेत जावे आणि तासभर भट्टीपाशी, लेथपाशी, तारांच्या फळ्यापाशी उभे राहू द्यावे. तो कोठे रेंगाळतो ते पाहावे, आणि अर्जावर धंद्यांचा पसंतीक्रम लिहिताना तो धंदा पहिला लिहावा.