सीपी बेरारचा प्रेक्षक

सरकारी कागदांतून केव्हाच गेलेला एक प्रांत माझ्या बाबांच्या लेखी अजून जिवंत आहे: मध्य प्रांत आणि वऱ्हाड, म्हणजे सीपी अँड बेरार. १९५० साली त्याचं मध्य प्रदेश झालं. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले, १९६० ला महाराष्ट्र झाला, नागपूरची राजधानी जाऊन हिवाळी अधिवेशन उरलं. २००० साली छत्तीसगडही वेगळं निघालं. सिनेमाच्या धंद्याने यातलं काहीच मनावर घेतलं नाही. आजही मोठा हिंदी पिक्चर लागला की कमाईचे आकडे सर्किटवार निघतात आणि त्यात ‘सीपी बेरार’ असा रकाना असतो. नागपूर, अमरावती, रायपूर, जबलपूर एका हिशेबात. पुणे मुंबई सर्किटमध्ये, गुजरातच्या पंगतीला. मराठवाडा निझाम सर्किटमध्ये. संयुक्त महाराष्ट्र वितरकांच्या वहीत काही झालेला नाही.

गंमत म्हणजे या सर्किटमधलं एवढं मोठं शहर नागपूर, पण वितरकांची नावाजलेली ऑफिसं अमरावतीला आणि भुसावळला. नागपुरात कोणता पिक्चर किती दिवस राहणार, याचा निर्णय पुष्कळदा तिकडे बसलेला माणूस घेई. बाबा हे आजही रागाने सांगतात. विदर्भाच्या अनुशेषाच्या यादीत हे कलम राहून गेलं, असं त्यांचं म्हणणं.

बाबांची नोकरी रेल्वे डाकेतली, आरएमएसच्या ‘एफ’ विभागात. चालत्या गाडीत पत्रं वर्गीकरणाच्या खणांत टाकायची, टपालाच्या थैल्या चढवायच्या-उतरवायच्या. त्यामुळे मुंबईहून येणाऱ्या गाड्यांतून पार्सलच्या डब्यातून फिल्मच्या पेट्या उतरताना त्यांनी पाहिल्या आहेत. पत्र्याची जड पेटी, कडा चेपलेल्या, दोन्ही बाजूंना कड्या. आत एकावर एक गोल डबे, प्रत्येकाच्या झाकणावर रंगाने घातलेला रिळाचा नंबर. पेटीवर सुतळीने बांधलेला पुठ्ठा, त्यावर पिक्चरचं नाव आणि टॉकीजचं नाव. गुरुवारी फलाटावर पेटी दिसली की शुक्रवारी काय लागणार हे बाबांना पोस्टर चिकटवणाऱ्याच्या आधी कळे. घरी येऊन ते आईला सांगत. आईचा चेहरा बघूनच पिक्चर चालणार की नाही ते ठरे, असा त्यांचा दावा आहे.

या पेट्यांवर सगळा धंदा उभा होता. प्रिंट काढायला पैसा लागे, म्हणून प्रती मोजक्या. आधी मोठी शहरं, मग काटोल, उमरेड, रामटेक. तिथे पोचेपर्यंत पडद्यावर उभ्या रेघांचा पाऊस सुरू झालेला असे. कधी दोन टॉकीजमध्ये एकच प्रिंट, आणि मग संपलेलं रीळ सायकलच्या कॅरिअरला बांधून पोऱ्या दुसरीकडे पळे. टायर पंक्चर झालं तर नायिकेचं लग्न थांबे आणि पब्लिक खुर्च्या वाजवी. टॉकीजवाला आणि वितरक यांच्यात ‘होल्डओव्हर’चा आकडा ठरलेला असे. आठवड्याची कमाई त्याच्या खाली गेली की पिक्चर उतरवायचा, वर राहिली की पुढचा हप्ता. बाबांच्या बोलण्यात म्हणूनच कोटी नसतात, हप्ते असतात. पंचवीस हप्ते म्हणजे सिल्व्हर ज्युबिली, पन्नास म्हणजे गोल्डन. पहिल्या तीन दिवसांत काय झालं याला कोणी विचारत नव्हतं. गावाला कळायलाच तेवढे दिवस लागत.

पडद्यावर सर्वांत आधी सेन्सॉरचं प्रमाणपत्र येई, त्यावर रिळांची संख्या. अठरा रिळं दिसली की थर्ड क्लासातून शिट्टी. पैसे वसूल होणार याची ती पावती. लांब पिक्चरची तक्रार करणारा प्रेक्षक बाबांना अजून समजलेला नाही.

तो थर्ड क्लास भरायचा तो बऱ्याच अंशी गिरणीच्या माणसांनी. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, व्हिक्टोरिया राणीला सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी. नागपूरचा कामगार हा त्या भोंग्यावर उठणारा आणि पगाराच्या आठवड्यात टॉकीजच्या रांगेत उभा राहणारा माणूस. आज त्याच जमिनीवर एम्प्रेस मॉल आहे आणि त्यात मल्टिप्लेक्स. साच्यावरच्या माणसाचा तिथे एका तिकिटात आणि एका पॉपकॉर्नमध्ये खिसा रिकामा झाला असता. बाकी टॉकीजची नावं आता पत्त्यांत मुरली आहेत. व्हरायटी चौकात गांधीजींचा पुतळा आहे, मोर्चे तिथे येतात, तरी रिक्षावाल्याला ‘व्हरायटी’च सांगायचं. पंचशील चौक, सदरचा लिबर्टी टॉकीज चौक, तेच. बाबांसाठी हा शहराचा नकाशा नसून रिलीजची यादी आहे. राजविलास म्हटलं की महाल आणि लहानपण, स्मृती म्हटलं की सदर आणि लग्नानंतरचा पहिला पिक्चर.

१९७५ हे त्यांचं आवडतं वर्ष. ‘शोले’ आणि ‘जय संतोषी माँ’ एकाच वर्षी आले. एक प्रचंड खर्चाचा, दुसरा चिल्लरीत काढलेला, आणि दोन्ही तुफान चालले. देवीच्या पिक्चरला बायका चपला बाहेर काढून आत जात, पडद्याकडे नाणी टाकत. माझी आजीही गेली होती. बाबा म्हणतात, पब्लिक काय करील हे कळणारा माणूस अजून जन्मला नाही, आणि कळतं असं सांगणारे सगळे मुंबईत राहतात.

आता बाबांचे ताजे निकाल.

‘अ‍ॅनिमल’ संपल्यावर ते बराच वेळ गप्प होते, मग पार्किंगमध्ये म्हणाले, “बापावर जीव आहे म्हनून एवढी मानसं मारायची? मी रिटायर झालो तवा तू पेढे आनले होते, भागलं न तेवढ्यात.” ‘पुष्पा २’ तीन तास वीस मिनिटांचा, त्याबद्दल तक्रार शून्य. अल्लू अर्जुन साडी नेसून नाचला तो भाग त्यांना जत्रेतल्या देवीच्या अंगात येण्यासारखा खरा वाटला. ‘जवान’ पाहून मात्र म्हणाले, यात पाच पिक्चर आहेत, तिकीट एकाचं घेतलं हे बरं झालं. मला ‘जवान’ आवडला होता. यावर आमचं अजून पटलेलं नाही.

मराठी पिक्चरबद्दल त्यांना पोटतिडीक आहे, पण सवय हिंदीची. सर्किटच हिंदीचं, त्याला ते तरी काय करणार. २०२२ चा नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ हिंदी असूनही त्यांना आपल्या घरचा वाटला. तो ज्यांच्यावर बेतला ते विजय बारसे हिस्लॉप कॉलेजात खेळाचे शिक्षक होते, झोपडपट्टीतल्या पोरांना त्यांनी फुटबॉल दिला, ते सगळं याच शहरात घडलं. पण बाबांना गोष्टीपेक्षा बोली लागली. अमिताभसमोर उभं राहून नागपूरचे पोट्टे नागपूरच्याच हिंदीत बोलतात, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. राजकुमार हिरानींचाही त्यांना असाच अभिमान. नागपुरात टायपिंग इन्स्टिट्यूट चालवणाऱ्या माणसाचा मुलगा ‘मुन्नाभाई’ काढतो, याचं थोडं श्रेय बाबा शहरातल्या सगळ्या टाइपरायटरांना देतात.

‘छावा’ त्यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये पाहिला आणि शेवटच्या अर्ध्या तासात रुमाल ओला केला. महिनाभराने, १७ मार्चला, औरंगजेबाच्या कबरीच्या वादातून महालात दंगल उसळली, काही भागांत संचारबंदी लागली, विधानसभेत मुख्यमंत्र्यांच्या बोलण्यातही या चित्रपटाचं नाव आलं. बाबांचं बालपण त्याच गल्ल्यांतलं. त्यांनी पिक्चरला दोष दिला नाही, पिक्चरची बाजूही घेतली नाही. “रडायचं ते आत रडायचं,” म्हणाले, “बाहेर आलं का चपला घालाच्या अन् घरी जायचं.”

कोटींची भाषा २००८ च्या ‘गजनी’पासून सुरू झाली, असं ते धरून चालतात. देशात निव्वळ शंभर कोटी कमावणारा तो पहिला हिंदी पिक्चर. तोवर डिजिटल प्रक्षेपण आलं होतं, पेट्या रेल्वेने यायचं कमी होत गेलं, एकाच शुक्रवारी हजारो पडद्यांवर पिक्चर लावणं शक्य झालं. मग लोकांचं मत तयार व्हायच्या आत पैसे काढून घ्यायचे, असा धंदा झाला. बाबा याला सरळ घाई म्हणतात.

२०२५ च्या डिसेंबरात ५ तारखेला ‘धुरंधर’ आला आणि १२ ला मूळ शेवटासकट नवा झळझळीत ‘शोले’. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरने कापायला लावलेला तो शेवट, ज्यात ठाकूर गब्बरला मारून टाकतो. बाबा ‘शोले’ला गेले, आणि नाराज होऊन आले. पन्नास वर्षं गब्बर पोलिसांच्या ताब्यात जात होता, आता मेला तर इतकी वर्षं आम्ही काय पाहिलं, हा त्यांचा सवाल. ‘धुरंधर’ त्यांना फार रक्तरंजित वाटला, मधला तासभर ते खुर्चीत चुळबुळत होते. पण नंतर मोबाइलवर चष्मा कपाळावर चढवून त्यांनी आकडे पाहिले आणि मला हाक मारली. दुसऱ्या हप्त्याची कमाई पहिल्यापेक्षा जास्त. त्यांनी ते दोनदा वाचून घेतलं, सीपी बेरारचा आकडा वेगळा शोधायला लावला आणि आईला स्वयंपाकघरात ओरडून सांगितलं, “लोकं लोकांले सांगून राह्यले! होल्डओव्हरच्या वर आहे!” आई म्हणाली, मग मला का नाही नेलं. पुढच्या रविवारी दुपारच्या शोची तीन तिकिटं काढली, बाबांसकट.