मासेमारी बोट, पाणसुरुंग आणि १९१७ ची मुंबई

२३ जून १९१७. मुंबईपासून सुमारे पन्नास मैलांवर, पावसाळी समुद्रात, पी अँड ओ कंपनीची 'मंगोलिया' ही साडेनऊ हजार टनांची टपाल व प्रवासी आगबोट पाणसुरुंगावर आदळली आणि पंधरा मिनिटांच्या आत बुडाली. वीसहून अधिक माणसे गेली. त्या वेळी आसपास शत्रूची एकही युद्धनौका नव्हती. सुरुंग पेरणारे जहाज चार महिन्यांपूर्वीच येऊन गेले होते आणि मंगोलिया बुडाली त्या दिवशी ते दक्षिण पॅसिफिकमध्ये होते.

पहिले महायुद्ध आणि भारताचा किनारा म्हटले की बहुतेकांना 'एम्डेन' आठवते. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री या जर्मन क्रूझरने मद्रास बंदरावर तोफा डागल्या, तेलाच्या टाक्या पेटल्या आणि त्या आगीची कथा घरोघरी गेली. मुंबईच्या वाट्याला आलेले संकट असे दिसणारे नव्हते. त्यात ना तोफ होती, ना आगीचे लोळ. म्हणूनच कदाचित ते विसरले गेले.

त्या संकटाचे नाव 'वुल्फ'. हे मुळात हंसा कंपनीचे 'वाखफेल्स' नावाचे साधे मालवाहू जहाज. जर्मन नौदलाने त्यावर तोफा लपवून बसवल्या, 'वुल्फशेन' म्हणजे 'लांडग्याचे पिल्लू' या नावाचे एक लहान समुद्री विमान ठेवले आणि पोटात ४६५ पाणसुरुंग भरले. कार्ल आउगुस्ट नेर्गर हा त्याचा कप्तान. ३० नोव्हेंबर १९१६ रोजी वुल्फ कीलहून निघाले आणि २४ फेब्रुवारी १९१८ रोजी परतले. ४५१ दिवसांत त्याने एकाही बंदरात मुक्काम केला नाही. कोळसा आणि अन्न लागले की वाटेत पकडलेल्या जहाजांवरून उतरवून घ्यायचे, ही त्याची रीत. जेमतेम ताशी अकरा सागरी मैलांचा वेग असलेले हे जहाज कोणत्याही ब्रिटिश क्रूझरपुढे टिकले नसते. त्याचे खरे शस्त्र तोफ नव्हते, तर कोणाच्या लक्षात न येणे हे होते.

जानेवारी १९१७ मध्ये केप ऑफ गुड होपजवळ, फेब्रुवारीच्या मध्यात कोलंबोजवळ आणि त्यानंतर चारच दिवसांनी मुंबईच्या वाटेवर वुल्फने सुरुंग पेरले. बंदराच्या तोंडाशी येण्याचा धोका त्याने पत्करला नाही. येणारी-जाणारी जहाजे ज्या पट्ट्यातून जातात तो पट्टा त्याने निवडला, आणि रात्रीत काम उरकून ते निघून गेले.

कोलंबोजवळ 'वूस्टरशायर' आणि 'पर्सिअस' ही जहाजे बुडाली तेव्हा पहिला संशय घातपातावर गेला. मालात कोणीतरी बॉम्ब ठेवला असावा, अशी अटकळ. एका परीने हे समजण्यासारखे आहे. युरोपातल्या युद्धातला सुरुंग हिंदी महासागरात येईल कसा, असेच कोणालाही वाटले असते. पण ही अटकळ फार दिवस टिकायला नको होती. वुल्फने २७ फेब्रुवारीला 'टुरिटेला' हे जहाज पकडून त्यावर आपली माणसे चढवली, त्याला 'इल्टिस' असे नाव दिले आणि एडनजवळ सुरुंग पेरायला धाडले. ५ मार्च रोजी ब्रिटिशांच्या 'ओडिन' या नौकेने त्याला हटकले. जर्मनांनी जहाज स्वतःच बुडवले, पण माणसे ब्रिटिशांच्या हाती लागली. म्हणजे एक छुपे जर्मन जहाज या समुद्रात सुरुंग पेरत फिरते आहे, हे मार्च महिन्यातच ब्रिटिश नौदलाला कळले होते.

आणि तरीही जून उजाडला तेव्हा मुंबईजवळचे सुरुंग पाण्यातच होते. ११ जूनला 'सिटी ऑफ एक्झिटर' सुरुंगावर गेली. ती फुटलेल्या अवस्थेत कशीबशी मुंबईला पोहोचली. १६ जूनला एक जपानी जहाज बुडाले. १७ जूनला 'क्रॉक्सटेथ हॉल'. २३ जूनला मंगोलिया. २९ जुलैला 'ओखला'. ठाऊक असलेला धोका दूर का होत नव्हता?

येथे मासेमारी बोटीचा संबंध येतो. त्यासाठी थोडे मागे आणि थोडे उत्तरेला जावे लागेल.

त्या काळचा पाणसुरुंग म्हणजे स्फोटकांनी भरलेला लोखंडी गोळा. तो तळाशी टाकलेल्या वजनाला तारेने बांधलेला असे आणि पृष्ठभागाखाली काही हात खोल तरंगत राही. त्याच्या अंगावर शिशाची शिंगे असत. शिंगाच्या आत काचेची नळी आणि नळीत आम्लद्रव. जहाज घासून गेले की शिशे वाकते, काच फुटते, द्रव खाली उतरून एक छोटी विजेची बॅटरी तयार होते आणि तिच्या प्रवाहाने स्फोट होतो. या रचनेत बिघडण्यासारखे फारच थोडे आहे. असा सुरुंग महिनोन्‌महिने वाट पाहू शकतो.

तो काढण्याची युक्तीही तितकीच साधी. दोन बोटी काही शे हात अंतर ठेवून समांतर चालतात. दोघींच्या मध्ये पोलादी तार पाण्यात ओढली जाते. 'काइट' म्हणजे पतंग या नावाचा एक जड लाकडी सांगाडा ती तार ठरावीक खोलीवर धरून ठेवतो. तार सुरुंगाच्या दोराला अडकते, दोर तुटतो, गोळा वर येतो आणि बोटीवरून बंदुकीने त्याचा नायनाट केला जातो. इंदापूरच्या अंगाला उजनीच्या फुगवट्यात जाळी टाकणारे मासेमार ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. जाळ्याच्या जागी तार आणि माशाच्या जागी मृत्यू, एवढाच फरक.

हे साम्य ब्रिटिश नौदलाच्याही ध्यानात आले होते. १९०७ साली अॅडमिरल लॉर्ड चार्ल्स बेरेसफर्ड यांनी ग्रिम्सबी या मच्छीमार बंदराला भेट दिली आणि समुद्रतळाशी जाळे ओढणाऱ्या वाफेच्या ट्रॉलर बोटींकडून हे काम करून घ्यावे अशी सूचना केली. पुढच्याच वर्षी ग्रिम्सबीच्या दोन ट्रॉलरवर चाचणी झाली. १९१० मध्ये राखीव नौदलात ट्रॉलर विभाग स्थापन झाला. युक्तिवाद सरळ होता. या बोटींवर जड तार गुंडाळण्याचे यंत्र आधीच असते, खवळलेल्या पाण्यात दिवसरात्र ओझे ओढण्याची त्यांना सवय असते, आणि माणसांना जोडीने बोट चालवणे शिकवावे लागत नाही. आणखी एक कारण उघडपणे कमीच बोलले जाई: ट्रॉलर स्वस्त होता. एका युद्धनौकेच्या किमतीत असे कितीतरी ट्रॉलर येत.

या हिशेबाची परीक्षा युद्ध सुरू झाल्यावर महिन्याभरातच झाली. २५-२६ ऑगस्ट १९१४ च्या रात्री जर्मनांनी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, हंबर आणि टाइन नद्यांच्या मुखांसमोर सुरुंग पेरले. ते काढायला मासेमारी बोटीच गेल्या. २ सप्टेंबरला 'आयरी' ही हेरिंग पकडणारी बोट सुरुंगावर फुटली. दुसऱ्या दिवशी तशीच दुसरी, 'लिंड्सेल'. तिच्या माणसांना उचलण्यासाठी 'स्पीडी' ही नौदलाची तोफनौका पुढे सरसावली आणि तीही सुरुंगावर गेली.

लिंड्सेलचे बुडणे हा कोणा एकाच्या चुकीचा परिणाम नव्हता; या कामाच्या स्वभावातच तो धोका आहे. तार बोटीच्या मागे असते, पुढे नाही. तार सुरुंगापर्यंत पोहोचण्याआधी बोटीला स्वतःला त्यावरून जावे लागते. भरतीच्या वेळी पाणी उंच असते, सुरुंग तळाशी बांधलेला असल्याने जागेवरच राहतो आणि बोट त्याच्या वरून निसटते. ओहोटीला तोच सुरुंग तिच्या पोटाशी येतो. त्यामुळे वेळ पाहून काम करायचे, हा नियम लवकरच रूढ झाला. तरी पेरलेल्या जागेची नेमकी कड कोणालाच ठाऊक नसे. ती कड अनेकदा एखादी बोट फुटल्यावरच कळे. युद्धात ब्रिटिश नौदलाने ट्रॉलर आणि हेरिंगच्या बोटी मिळून तीन हजारांच्या आसपास मासेमारी बोटी वापरल्या. नष्ट झालेल्या ट्रॉलरचाच आकडा दोनशेच्या वर जातो.

आता पुन्हा मुंबई.

कोकण किनाऱ्यावर कोळी होते, गलबते होती, पिढ्यान्‌पिढ्यांचे समुद्राचे ज्ञान होते. नव्हते ते वाफेचे ट्रॉलर. शिडाच्या होडीने पोलादी तार ओढता येत नाही. तिला वाऱ्याच्या लहरीवर न चालणारा, सलग ओढ देणारा इंजिनाचा जोर लागतो. ग्रिम्सबीसारखा तयार ताफा हिंदुस्थानात कोणत्याच बंदरात नव्हता. 'रॉयल इंडियन मरीन' ही येथील सागरी सेवा नावाला लष्करी असली, तरी तिचे रोजचे काम सैन्याची ने-आण, सर्वेक्षण आणि दीपगृहांची देखरेख हे होते. हिंदी महासागर आपलाच आहे, येथे शत्रू येणार नाही, या भरवशावर साम्राज्याने येथील संरक्षण हलके ठेवले होते. ४६५ सुरुंग घेऊन निघालेल्या एका मालवाहू जहाजाने नेमके त्या भरवशावर बोट ठेवले. त्यात जूनमध्ये पाऊस सुरू झाला. उसळत्या समुद्रात समांतर बोटींची जोडी आणि मधली तार सांभाळणे किती अवघड, हे कोकणातल्या कोणत्याही तांडेलाने सांगितले असते; तो तर नारळी पौर्णिमेपर्यंत होडी पाण्यात लोटतच नाही.

बारामती-इंदापूरच्या वाचकाला हे सारे दूरचे वाटू शकते. भीमेचे पाणीसुद्धा अरबी समुद्राकडे जात नाही. ते कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागराला मिळते. पण बाजाराच्या वाटा नदीच्या वाटेने जात नाहीत. १८८५ पासून नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर या भागात ऊस वाढला होता आणि बारामतीची पेठ मुंबईच्या बाजाराशी जोडलेली होती. रॉकेल, कापड, लोखंडी सामान हे सगळे कोणत्या ना कोणत्या जहाजातून उतरत होते. जहाजे कमी पडली, भाडी आणि विम्याचे दर चढले की वाढीव भाव पेठेतल्या दुकानापर्यंत येत. १९१७-१८ च्या महागाईची कारणे अनेक आहेत आणि ती सारी वुल्फच्या माथी मारणे चूक ठरेल. पण जहाजांची टंचाई हे त्यांतले एक ठळक कारण होते.

मंगोलियावरच्या माणसांकडे वळू. पी अँड ओच्या बोटींवर डेकवरचे खलाशी मोठ्या संख्येने रत्नागिरी आणि गुजरातच्या किनाऱ्यावरचे असत. इंजिनखान्यात, भट्टीपुढे पंजाब आणि सरहद्दीकडचे आगवाले. जेवणघरात गोव्याचे लोक. सारंग आपल्याच गावातून, आपल्याच नात्यातून माणसे भरती करी. त्यामुळे एक बोट बुडाली की एखाद्या वाडीतल्या कित्येक घरांवर एकदम आघात होई. सुरुंग फुटतो तो पाण्याच्या रेषेखाली, आणि तेथेच भट्टीवर कोळसा ओढणारी माणसे असतात. गोऱ्या प्रवाशांच्या हकिगती छापून येत, त्यांच्या हरवलेल्या सामानाचीही नोंद होई. खलाशांचा उल्लेख बहुधा 'नेटिव्ह क्रू' आणि एक आकडा इतकाच.

मुंबईत मशीद बंदर भागात इंडियन सेलर्स होम आहे. तेथील स्मारक पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे आहे. समुद्राखेरीज ज्यांना दुसरी कबर किंवा चिता लाभली नाही, अशांचे. महाराष्ट्रात युद्धस्मारके पाहत हिंडणाऱ्या अनेकांच्या यादीत हे ठिकाण नसते. ते असावे.

दुसऱ्या महायुद्धात परिस्थिती पालटली, पण पूर्णपणे नाही. तेव्हाच्या रॉयल इंडियन नेव्हीसाठी ट्रॉलरच्या धर्तीवरच्या लहान युद्धनौका हिंदुस्थानातच बांधल्या गेल्या. त्यांत 'नाशिक' आणि 'बेरार' ही मराठी मुलखातली नावेही आहेत. मासळीचा वास कधीही न लागलेले हे ट्रॉलर मासेमारीसाठी नव्हे, तर सुरुंग काढण्यासाठी आणि पाणबुड्यांवर पाळत ठेवण्यासाठी बांधलेले होते. त्यांच्या जोडीला नागरी बोटीही पुन्हा युद्धावर गेल्याच. ३० एप्रिल १९४१ रोजी तांबड्या समुद्रात आसाबजवळ 'पार्वती' सुरुंगावर बुडाली. १ मार्च १९४२ रोजी अंदमानात 'सोफी मारी'.

आणि मुंबईच्या समुद्रातला ट्रॉलर? तो युद्ध संपल्यावर आला. १९२१-२२ मध्ये मुंबई सरकारने 'विल्यम कॅरिक' नावाच्या वाफेच्या ट्रॉलरवरून येथे तळाशी जाळे ओढून मासेमारीचे प्रयोग केले. त्याच्याकडे यंत्र होते, तार ओढण्याचा जोर होता, खुल्या समुद्रात दिवसचे दिवस राहण्याची ताकद होती; १९१७ च्या जूनमध्ये मुंबईला जे हवे होते ते सारे. मासळी बऱ्यापैकी मिळाली, पण खर्च भरून निघेना, आणि प्रयोग आवरता घेतला गेला.