बिनतारी परवाने : मक्ता कीं दस्तक ?

सनद, कौल, मक्ता व दस्तक हे शब्द मराठी दप्तरें चाळणाराच्या नित्य परिचयाचे आहेत. प्रत्येकाचा अर्थ निराळा. इंग्रजी अमलांत मात्र या सर्वांवर 'लायसन' हा एकच शब्द पसरला, व आपण त्यास सरसकट 'परवाना' म्हणूं लागलों. व्यापारी कंपन्यांस बिनतारी संदेशवहनासाठीं सरकारनें दिलेले परवाने वाचतांना हा घोटाळा विशेष बाधतो. आमच्या मतें या एका नांवाखालीं दोन भिन्न जातींचे कागद आहेत, व ते वेगळे केल्यावांचून त्यांचा इतिहास उलगडत नाहीं.

दोहोंचें मूळ इ. स. १८८५ च्या १३ व्या कायद्याच्या चवथ्या कलमांत आहे. तारायंत्र उभारणें, राखणें व चालविणें हा केवळ सरकारचा हक्क. वाटेल त्या अटींवर व वाटेल तो मोबदला घेऊन सरकारनें तो इतरांस द्यावा, असा त्या कलमाचा आशय. मार्कोनीचा बिनतारीचा पेटंट-अर्ज १८९६ चा. म्हणजे वस्तु हातीं येण्यापूर्वी अकरा वर्षें तिजवरचा राजहक्क लिहून तयार होता ! १९१४ च्या दुरुस्तीनें जहाजांवरील बिनतारी यंत्रांस नियमांनीं मुभा देण्याची सोय झाली. जमिनीवर मात्र ही सवलत तारेच्या यंत्रांपुरतीच राहिली. गलबतांनीं आंग्र्यांचें दस्तक घ्यावें, नाहीं तर जप्तीस पात्र व्हावें, ही कोंकणकिनाऱ्याची वहिवाट येथें वाचकांस स्मरेल.

मक्त्याचें उदाहरण पुण्याजवळचेंच आहे. इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनीनें १९२७ त खडकीस प्रक्षेपण व दौंडास ग्रहण अशी व्यवस्था करून विलायतेशीं बिनतारी व्यवहार सुरू केला. १९३२ त ती समुद्री तारांच्या धंद्याशीं एक झाली, आणि १ जानेवारी १९४७ रोजीं सरकारनें सारा कारभार आपल्या हातीं घेतला. दुसरा मक्ता याहून लवकर बुडाला. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं उघडलें. श्रोत्याच्या दहा रुपये परवाना-फीपैकीं आठ रुपये कंपनीचे. पण त्या वर्षअखेर परवाने भरले अवघे ३,५९४. मार्च १९३० त कंपनीनें दिवाळें काढलें. १८८५ चा कायदा यंत्र उभारण्यास व चालविण्यास अटकाव करी, तें नुसतें घरांत बाळगण्यास नव्हे. तेव्हां फी चुकविणाऱ्यास पकडणें कठीण होतें. हें छिद्र १९३३ च्या १७ व्या कायद्यानें बुजविलें. तो १ जानेवारी १९३४ पासून अमलांत आला. विनापरवाना यंत्र बाळगणारास पहिल्या खेपेस शंभर रुपयांपर्यंत, पुढें अडीचशें रुपयांपर्यंत दंड ठरला. १९४९ त प्रक्षेपक यंत्रापुरती तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद जोडली गेली.

दस्तकाची जात निराळी. येथें कारखानदारास लोकांचे संदेश वाहून पैसा मिळवावयाचा नसतो. आपल्या कचेरीचें आपल्या खाणीशीं किंवा गोदीशीं बोलणें व्हावें, एवढेंच. म्हणून स्थळ, लहरींची कंप्रता, यंत्राची शक्ति, संकेतनाम व मुदत हीं सर्व त्यांत बांधून दिलेलीं असत. जुन्या दस्तकांत माणसें, बैल व माल मोजून लिहीत, त्याचीच ही आठवण. १९५२ पासून हें काम केंद्र सरकारच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेकडे आलें. २०२३ च्या दूरसंचार अधिनियमानें वरील दोन्ही कायदे रद्द करण्याची तरतूद केली आहे.

आतां हे कागद निरुपयोगी म्हणून कंपन्यांच्या कचेऱ्यांतून रद्दींत जाण्याचें भय आहे. संग्राहकांनीं ते मिळवावे, व मिळतांच कायद्याचें वर्ष प्रथम पाहावें. १८८५ चें असल्यास तो केंद्र चालविण्याचा अधिकार. १९३३ चें असल्यास यंत्र जवळ ठेवण्याचा. एकाच पेढीचे दोन्ही सांपडल्यास ते एकत्र बांधून ठेवावे; एकानें दुसऱ्याची उणीव भरून निघते.