पिशवीतली बंदूक

माझा पुतण्या अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात राहतो. ३० डिसेंबर २०२१ रोजी त्याच्या गावापासून थोड्याच अंतरावर वणवा पेटला. 'मार्शल फायर' या नावानं तो ओळखला जातो. जोराच्या वाऱ्यानं एका दिवसात हजाराहून अधिक घरं जळाली. पुतण्याचं घर वाचलं. पण अर्ध्या तासात घर सोडायचं म्हणजे काय, ते त्यानं त्या दिवशी पाहिलं. तेव्हापासून त्याच्या दाराशी एक पाठपिशवी भरून ठेवलेली असते. तिकडे तिला 'बग-आऊट बॅग' म्हणतात. कोरियाच्या युद्धात अमेरिकी सैनिकांच्या बोलीत 'बग-आऊट' म्हणजे गाशा गुंडाळून पळ काढणं. पाणी, औषधं, विजेरी, कागदपत्रं, कोरडे कपडे असं सगळं तिच्यात आहे. मध्यंतरी त्याचा फोन आला.

''काका, तुम्ही इतिहासाचे मास्तर. एक सांगा, पिशवीत पिस्तूल ठेवू की लहान रायफल?''

आपल्याकडे हा प्रश्न कुणाला पडत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना लागतो, आणि तो मिळवता मिळवता संकट येऊन जाईल! मीही बंदूक कधी हातात धरलेली नाही. पण ''शोधून सांगतो'' म्हणालो, आणि शोधायला बसल्यावर लक्षात आलं, की हा प्रश्न चांगला सव्वाशे वर्षांचा आहे. पाठीवर मोजकंच ओझं आणि त्यात एकच बंदूक, मग ती कोणती? हे कोडं काही माणसांना अगदी खरोखर सोडवावं लागलं होतं.

पहिला माणूस नॉर्वेचा फ्रिड्टजॉफ नान्सेन. १४ मार्च १८९५ रोजी तो आणि यालमार योहानसेन 'फ्राम' हे जहाज बर्फात सोडून उत्तर ध्रुवाकडे चालत निघाले. तीन घसरगाड्या, अठ्ठावीस कुत्रे, दोन कयाक होड्या. जहाज प्रवाहाबरोबर वाहत जाणार, त्यामुळे परत फिरून ते सापडण्याची आशा नाही. बरोबरचं अन्न संपलं की पुढचं बंदुकीनं मिळवायचं. अशा वेळी नान्सेननं दुनळी बंदुका घेतल्या, पण त्यांच्या दोन नळ्या सारख्या नव्हत्या. एक रायफलची, एक छऱ्याची. एकीतून अस्वल मारायचं, दुसरीतून पक्षी. मोठ्या गोळीनं पक्ष्याच्या चिंधड्या होतात आणि छऱ्यानं लांबचं अस्वल नुसतं चिडतं. शिवाय काडतुसं मोजकी, म्हणून ज्याचं त्याला वापरायचं.

ही निवड किती योग्य होती, ते त्या वर्षीच्या हिवाळ्यानं दाखवलं. फ्रान्झ योसेफ बेटांवर दगडांच्या भिंती आणि वॉलरसच्या कातड्याचं छप्पर करून हे दोघे अनेक महिने राहिले आणि अस्वलाच्या मांसावर जगले. जून १८९६ मध्ये एका इंग्रज मोहिमेची माणसं भेटली, तेव्हा दोघेही चांगले धडधाकट होते.

पण मला जास्त आठवतो तो त्याआधीचा ऑगस्ट १८९५ मधला प्रसंग. बर्फाच्या कडेला कयाक पाण्यात सोडायची तयारी चालली होती. मागून अस्वल आलं आणि त्यानं योहानसेनला एका फटक्यात उताणं पाडलं. नान्सेनची बंदूक कुठे? कयाकवर, खोळीत घातलेली. ती ओढायला जावं तर कयाकच पाण्यात घसरली. बंदूक पाहिजे तर आधी कयाक वर ओढायला हवी. इकडे योहानसेन अस्वलाचा गळा धरून पडलेला. अशा अवस्थेत त्यानं नान्सेनला, जरा घाई केलीत तर बरं, अशा अर्थाचं काही सुनावलं. आणि तेसुद्धा अहो-जाहो करून! इतके महिने एकत्र काढूनही दोघे एकमेकांना आदरार्थीच बोलवत. 'अरे-तुरे' पुढे त्या झोपडीतल्या हिवाळ्यात आलं. शेवटी बंदूक हाती आली आणि नान्सेननं अस्वलाच्या कानामागे बार काढला, तोही छऱ्याच्या नळीतून. एवढ्या जवळून तेही पुरलं.

पुतण्याला मी हे सगळं सविस्तर सांगितलं. पिशवीतली बंदूक पिशवीत असते. अचानक झडप पडली तर ती हातात यायला वेळ लागतो. तिचा खरा उपयोग पोटासाठी, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पुढे.

आणि पोटाचंही पक्कं नाही. १८९७ च्या जुलैत स्वीडनचा आंद्रे दोन सोबत्यांसह स्वालबार्डहून बलूननं ध्रुवाकडे निघाला. तीन दिवसांत बलून बर्फावर उतरलं. पुढे जवळजवळ तीन महिने त्यांनी बर्फावर काढले. बंदुका होत्या, नेम होता, अस्वलंही मिळत गेली. ऑक्टोबरमध्ये ते क्विटओया बेटावर पोचले आणि तिथेच तिघेही मेले. त्यांचे देह सापडले थेट १९३० मध्ये. १९५२ मध्ये एका डॅनिश डॉक्टरानं मत मांडलं, की अर्धकच्च्या अस्वलाच्या मांसातल्या कृमींनी त्यांचा घात केला. हे मत सगळ्यांना पटलेलं नाही. थंडी, थकवा अशी इतर कारणंही मांडली जातात. पण उपासमारीनं मेले, असं फारसं कुणी म्हणत नाही.

विमानं आली आणि हाच प्रश्न हवाई दलांपुढे आला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलानं उत्तर आफ्रिकेसाठी तीननळी बंदूक दिली. वर छऱ्याच्या दोन नळ्या, खाली रायफलची एक. अक्रोडाच्या लाकडाचा नक्षीदार दस्ता, ॲल्युमिनियमची पेटी, थाट एखाद्या संस्थानिकाच्या शिकारीचा. रायफलची नळी तर नऊ मिलिमीटरहून मोठी! लिबियाच्या वाळवंटात एवढं कोणतं जनावर मारायचं होतं, कोण जाणे. हवाई दलाचा प्रमुख गोअरिंग हाच सरकारी शिकारखात्याचाही प्रमुख होता. कारण शोधायला याहून लांब जायला नको, असं मला वाटतं.

अमेरिकेनं १९५० च्या दशकात केलेली 'एम-सिक्स' मात्र माझी आवडती. दिसायला अगदी कुरूप, पत्र्याच्या दुमडलेल्या अवजारासारखी. वर पॉइंट टू-टू हॉर्नेट गोळीची नळी, खाली छऱ्याची बारीक नळी. मधोमध दुमडली की निम्मी होते. वजन दोन किलोच्या आसपास. दस्त्यातच तेरा काडतुसांची जागा, नऊ गोळ्यांची आणि चार छऱ्यांची. चापाऐवजी एक लांब पट्टी, कारण उत्तरेकडे उतरलेल्या वैमानिकाच्या हातात जाड हातमोजे असणार आणि ते काढले तर बोटं जाणार. ज्यानं ही पट्टी योजली, त्यानं त्या माणसाच्या जागी स्वतःला बसवून पाहिलं होतं. नान्सेनच्या दोन नळ्या इथे पुन्हा आल्या, फक्त अस्वल वगळून. ससा आणि पक्षी मिळाले की पुरे. पुढे 'एआर-सेव्हन' ही याहून हलकी रायफल निघाली. ती स्वतःच्याच दस्त्यात मावते आणि पाण्यावर तरंगते. जेम्स बाँडच्या १९६३ च्या 'फ्रॉम रशिया विथ लव्ह' चित्रपटात ती दिसते.

आता रशियाकडे येतो. १८ मार्च १९६५ रोजी अलेक्सी लिओनोव्ह अंतराळात यानाबाहेर पडणारे पहिले मानव ठरले. दुसऱ्या दिवशी परतताना स्वयंचलित यंत्रणेनं दगा दिला. सोबती पावेल बेल्यायेव्ह यांनी यान हातानं उतरवलं, ते ठरलेल्या जागेपासून साडेतीनशेहून अधिक किलोमीटर दूर, पर्मच्या दाट तैगा जंगलात. खोल बर्फ. पॅराशूट झाडांच्या शेंड्यांत अडकलेलं. दार उडवून उघडायचं होतं, तेही एका झाडाला टेकलेलं. दोघांनी रेटून रेटून ते मोकळं केलं. लिओनोव्ह यांच्या पोशाखात आदल्या दिवशीचा घाम साचला होता, बुटांत अक्षरशः डबडबत होता. थंडीनं तो गोठायच्या आत दोघांनी कपडे उतरवले, पिळले, पुन्हा घातले. त्यांच्याजवळ पिस्तूल होतं. जंगलात लांडगे आणि अस्वलं होती. पहिली रात्र त्यांनी त्या उघड्या दाराच्या यानात काढली.

संदेश ऐकून विमानं वर घिरट्या घालू लागली, पण उतरायला जागा नाही. मग वरून वस्तू टाकल्या. लिओनोव्ह यांनी पुढे सांगितलं आहे, की कोन्याकची बाटली फुटली, कुऱ्हाड बोथट निघाली, बरेच कपडे फांद्यांतच लटकले. कामी आले ते लांडग्याच्या कातड्याचे बूट. दुसऱ्या दिवशी स्कीवरून मदतीची माणसं पोचली; त्यांनी लाकडाची झोपडी उभी केली, मोठी शेकोटी पेटवली. तिसऱ्या दिवशी सगळे स्कीवरून हेलिकॉप्टरपर्यंत गेले.

या अनुभवानंतर लिओनोव्ह यांनी अंतराळवीरांसाठी चांगल्या बंदुकीचा आग्रह धरला. त्यातून तुला इथल्या कारखान्यात 'टीपी-८२' तयार झाली. पुन्हा तीन नळ्या! वर छऱ्याच्या दोन, खाली रायफलची एक, आणि काढता येणाऱ्या दस्त्यात लाकूड तोडायचा कोयता. १९८६ पासून ती सोयुझ यानाच्या सामानात जाऊ लागली, म्हणजे आपले राकेश शर्मा जाऊन आल्यावर दोन वर्षांनी. दस्त्यासकट वजन २.४ किलो. पण खास तिच्यासाठी बनवलेल्या काडतुसांची मुदत संपली आणि २००७ च्या सुमारास तिची जागा पुन्हा साध्या पिस्तुलानं घेतली. अस्वलाचं म्हणाल तर लिओनोव्ह यांच्या भीतीबद्दल मला शंका नाही. पण त्या बर्फात पहिल्या रात्री त्यांना हवे होते ते कोरडे मोजे.

२०१८ पासून अमेरिकी वैमानिकांच्या आसनाखाली जी बंदूक आहे, ती दोन तुकडे होणारी लष्करी कार्बाइन आहे. तिच्यात छऱ्याची नळी नाही. ती सशासाठी नव्हेच.

हे सगळं ऐकून पुतण्या म्हणाला, ''काका, मग मी काय घेऊ?''

मी विचारलं, ''त्या वणव्याच्या दिवशी तुला कशाची कमतरता पडली?''

तो जरा थांबला. म्हणाला, गाड्यांच्या रांगेत अडकलो होतो, गाडीत धूर येत होता, छोटीला पाणी हवं होतं आणि पाण्याची बाटली डिकीत होती. मग मी बंदुकीचं वजन, काडतुसांचं वजन आणि कुलपाच्या पेटीचं वजन विचारलं. कारण घरात लहान मूल असताना बंदूक कुलपाशिवाय ठेवायची नाही, हे त्याच्या बायकोनं आधीच बजावलं होतं. तो बेरीज करत राहिला. पिशवी आताच अठरा किलोची आहे. त्याची मुलगी सहा वर्षांची. तिला उचलायचं की पिशवी, हे दोघा नवरा-बायकोचं अजून ठरायचं आहे.