नाताळचे गाणे आणि आपली चाल

जुन्या गाण्याची चाल बदलणे हा त्या गाण्याचा अपमान की सन्मान? हा प्रश्न आम्ही आज नाताळच्या गाण्यांवरून मांडणार आहोत. विषय परका वाटेल. पण शेवटी आपण गोदावरीकाठीच परतणार आहोत.

इंग्लंडमधील 'जेथ्रो टल' हा रॉक वाद्यवृंद १९६७ सालचा. विजेच्या गिटारींच्या गदारोळात इयान अँडरसन यांनी बासरी आणली, हे त्याचे वैशिष्ट्य. या जुन्या मंडळींनी २००३ साली नाताळगीतांची एक ध्वनिमुद्रिका काढली. स्वतःची जुनी गाणी त्यांनी नव्याने वाजविलीच. परंतु परंपरागत गीतांचीही मांडणी बदलली. तीन राजांच्या सुप्रसिद्ध गीताचे तर त्यांनी 'आम्ही पाच राजे' असे नामकरण केले! कोणी म्हणेल, ही पावित्र्याची थट्टा झाली. पण इतिहास काय सांगतो? 'कॅरल' हा शब्दच मुळी रिंगण धरून नाचावयाच्या गाण्याचा. लोकांच्या अंगणातील ते गाणे पुढे देवळात शिरले. म्हणजे ज्याला आपण मूळ म्हणतो, तेही एकदा बदललेलेच होते.

आता आपल्याकडे पाहू. फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले आणि १६१६ साली त्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या त्या ग्रंथात बेथलेहेमच्या बाळाची जन्मकथा मराठी ओवीत आली. पुढे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी इंग्रजी गीतांची भाषांतरे केली. शब्द मराठी, चाल विलायती. जीभ एकीकडे ओढी, सूर दुसरीकडे. कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची देशी वाट पाडली, आणि नारायण वामन टिळकांनी ती रुंद केली.

टिळकांनी १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत त्यांच्या घराने मोजली. लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. धर्म बदलला की माणूस आपल्यातून गेला, असे मानणारा तो काळ. टिळकांनी अभंगाने त्याला उत्तर दिले. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे पोहोचलो, असे ते मानीत. देव बदलला तरी देश आणि भाषा बदलली नाही, हे त्यांची भजने सिद्ध करीत होती. १९१९ साली टिळक गेले. अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. जे घर श्रद्धेमुळे दुभंगले होते, ते एका काव्यात असे सांधले गेले.

नांदेडकरांना याचे नवल वाटू नये. शेजारची नरसी ही नामदेवांची जन्मभूमी मानली जाते. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. टाळमृदंगाच्या गजरात वाढलेला हा संत पंजाबात गायला गेला, आणि पंजाबातून आलेल्या गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली नांदेडासच देह ठेवला. सचखंडात ग्रंथसाहिबाचे पठण-कीर्तन चालते, तेव्हा आपलाच नामदेव वेगळे सूर लेवून घरी आलेला असतो. लातूरहून पंढरीस निघालेला वारकरी तो ऐकेल, तर त्याला परका म्हणेल काय?

प्रत्येक बदल चांगला, असे आमचे म्हणणे नाही. ताल उरला आणि अर्थ हरपला, असेही पुष्कळदा घडते. म्हणून नवी चाल कानी पडताच रागावू नये, भाळूही नये. ती गाणाऱ्याला मूळ शब्दांचा विसर पडला आहे काय, एवढे पाहावे. पडला नसेल, तर दार उघडावे. पाहुणा ओळखीचाच निघण्याचा संभव फार.